अपाचे 1:72 – अंग मापात, पाती आखूड

अपाचे या लढाऊ हेलिकॉप्टरचं डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेलं मॉडेल घरी येऊन तीन आठवडे झाले. रंगाला अजून हात लावलेला नाही, सगळा वेळ मोजमापातच गेला. पण त्यातून जे हाती लागलं ते लिहून ठेवावंसं वाटतंय.

डब्यावर 1:72 हे स्केल छापलंय, म्हणजे प्रत्येक माप खऱ्याच्या 72व्या भागाइतकं. खऱ्या अपाचेच्या मुख्य पंख्याचा व्यास 14.63 मीटर, म्हणजे मॉडेलवर 203 मिलिमीटर भरायला हवेत. स्टीलच्या पट्टीवर भरले 188. हिशोबाने हे 1:78 झालं, आणि मी जवळजवळ परत करायला निघालो होतो. मग दुसरं माप घेतलं: मुख्य पंख्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या पंख्याच्या मागच्या टोकापर्यंत. खऱ्या हेलिकॉप्टरचं हे अंतर 17.73 मीटर, म्हणजे इथे 246 हवेत. माझ्याकडे 239 आले. सगळंच 1:78 असतं तर 227च्या आसपास आले असते. एक पातं साडेसात मिलिमीटर आखूड आहे आणि एकूण लांबीतही तेवढीच, सातच मिलिमीटरची घट आहे. म्हणजे पंख्याच्या दांड्यापासून शेपटीपर्यंतचं अंग मापात आहे, आखूड आहेत ती फक्त पाती. डबा आतून जेमतेम 19 सेंटिमीटर रुंद आहे, त्यात मावावीत म्हणूनच आखूड केली असणार. तेव्हा एका मापावरून स्केलचा निकाल देऊ नका. पाती नवी करता येतात, अंग नाही.

पात्यांची टोकं मात्र बरोबर वळवलीत. अपाचेचा पंखा वरून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे टोकं त्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत, आणि तशीच आहेत.

शेपटीचा पंखा पाहून वाईट वाटलं. अपाचेच्या शेपटीला चार पाती असली तरी ती अधिकच्या चिन्हासारखी नसतात. दोन-दोन पात्यांच्या दोन जोड्या एकीवर एक बसवलेल्या असतात, आणि त्यांच्यात 55 अंशांचा कोन असतो, कात्री अर्धवट उघडल्यासारखा. इथे सरळ काटकोनी फुली ओतून दिलीय. रविवारी बारीक करवतीने एक जोडी कापून काढली, पुठ्ठ्यावर 55 अंश आखून त्यावर दोन्ही ठेवल्या आणि वरची जोडी फेव्हिक्विकने चिकटवली. जोड्या एकाच पातळीत असण्याची चूकही त्यातच सुटली. एवढ्या एका बदलाने मॉडेल अपाचे दिसायला लागलं!

रॉकेटच्या नळकांड्यांत भिंगाखाली भोकं मोजली. 1, 6 आणि 12 अशा तीन वर्तुळांत 19 हवीत, आहेत 13. इतक्या लहान तोंडावर सुईने सहा वाढवायला गेलो तर कडा फाटेल, म्हणून ती तशीच ठेवतोय.

हे मॉडेल आपल्या वायुसेनेच्या खुणांचं आहे आणि दांड्यावर रडारचा घुमट नाही. ही चूक नव्हे. वायुसेनेने 22 अपाचे घेतली, पण रडार 12च. 2019च्या सप्टेंबरात पठाणकोटला पहिली आठ दाखल झाली, तेव्हापासून मला हे यंत्र हवं होतं, म्हणूनही असेल, पण ही गोष्ट तपासल्याशिवाय चैन पडलं नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात. धातूचे दोन अर्धे पोटाखालच्या दोन स्क्रूंनी जोडलेत, सांध्यात नख जात नाही, हे फार चांगलं काम आहे. चाकं फिरतात. तोफ मात्र ढिली आहे, उचलली की खाली पडते. खिळीला पांढऱ्या गमाचा पातळ थर देऊन रात्रभर वाळवला, आता ठेवू त्या कोनात राहते.

पुढच्या आठवड्यात 0.5 मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची नवी पाती कापणार आहे. उभ्या अपाचेची पाती टोकाकडे खाली वाकलेली असतात, त्यामुळे कापल्यावर गरम पाण्यात धरून तो बाक द्यायचाय. चारही पात्यांना सारखा बाक येण्यासाठी कुणी लाकडी साचा केला असेल तर त्याची गोलाई कळवा.