बाण जड घ्यावा, पण किती जड?

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तेव्हा हे लिहितोय ते अमेरिकेत राहणाऱ्या, परवाना काढून हंगामात व्हाइटटेल हरणाच्या किंवा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी तिरंदाजांसाठी. टोकांना चाकं असलेलं कंपाऊंड धनुष्य आपल्याला ठाऊक झालं ते ओजस देवतळे आणि अदिती स्वामी यांच्यामुळे. 2023 साली बर्लिनला दोघांनीही जागतिक सुवर्ण जिंकलं. तिथे लक्ष्य बरोबर 50 मीटरवर असतं आणि बाण त्यात रुतला की काम झालं. जंगलात अंतर डोळ्याने जोखावं लागतं आणि बाण फासळ्यांमधून आरपार जावा लागतो. हलका की जड हा वाद या दोन गरजांच्या ओढाताणीतून येतो.

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅमचे सुमारे 15.4 ग्रेन. कंपाऊंड धनुष्याला ड्रॉ वेटच्या (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या) प्रत्येक पाउंडामागे किमान 5 ग्रेन लागतात, म्हणजे 70 पाउंडांना 350. त्याखाली गेलात तर दोरी रिकामी सोडल्यासारखीच गत होते: बाणाने न उचललेली ऊर्जा लिंब (धनुष्याच्या लवचिक भुजा) आणि कॅममध्ये (टोकांच्या चाकांत) परतते, लिंबला तडा जाऊ शकतो, दोरी निखळू शकते. काही राज्यांनी कायद्यानेही तळ ठरवला आहे. आयडाहोत मोठ्या जनावरासाठी ब्रॉडहेड (शिकारीचं धारदार पात्यांचं टोक) धरून बाण 300 ग्रेनपेक्षा कमी चालत नाही.

आता आकडे. समजा एक धनुष्य 350 ग्रेनचा बाण सेकंदाला 300 फुटांनी सोडतं. तेच धनुष्य 500 ग्रेनचा बाण साधारण 255 फुटांनी सोडेल. ऊर्जा 70 फूट-पाउंडांवरून 72 वर जाते, म्हणजे जवळपास तेवढीच. संवेग मात्र 21 टक्क्यांनी वाढतो, आणि हाडाला लागल्यावर बाण पुढे रेटतो तो संवेग. शिवाय जड बाण धनुष्याची जास्त ऊर्जा स्वतःकडे घेतो, त्यामुळे धनुष्य कमी थरथरतं, आवाज कमी होतो. हरिण दोरीच्या आवाजाला दचकून खाली दबतं, म्हणून हा फायदा फार मोलाचा. आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो. दोन्ही बाण त्याच्या मागेच राहतात. 40 यार्डांवर हलका बाण 0.40 सेकंदात पोचतो, जड 0.47 मध्ये. एवढ्या फरकापायी हलका बाण घ्यावा असं मला वाटत नाही.

हलक्या बाणाची खरी बाजू अंतर चुकल्यावर कळते. 40 यार्डांची पिन (धनुष्यावरची नेम धरायची खूण) लावली आणि हरिण प्रत्यक्षात 43 वर असलं, तर 300 फूट वेगाचा बाण अडीच इंच खाली लागतो, 255 चा साडेतीन इंच. हरणाचा मर्मभाग जेमतेम आठ इंचांचा, म्हणजे मधोमध धरला तरी खाली चारच इंच हातात. रेंजफाइंडर वापरत असाल आणि 30 यार्डांच्या आत राहत असाल तर ही अडचण जवळपास संपते. उघड्या माळावर 50 यार्ड घेणाऱ्याने मात्र फार जड बाण टाळावा.

70 पाउंडांच्या धनुष्यावर व्हाइटटेलसाठी मी 420 ते 480 ग्रेन सांगेन, एल्कसाठी 475 ते 550. कानावर येणारा 650 ग्रेनचा आकडा एड अॅशबी यांनी बाण किती खोल शिरतो हे पाहायला केलेल्या चाचण्यांतून आला, आणि तो जाड हाड फोडण्यासाठी आहे. मचाणावरून 20 यार्डांवर हरिण मारायला त्याची गरज नाही. ड्रॉ (दोरी ओढण्याची लांबी) 26 इंच आणि ड्रॉ वेट 45 पाउंड असेल तर 350 ते 380 ग्रेन घ्या, टेकताच कापणारं दोन पात्यांचं स्थिर ब्रॉडहेड लावा आणि 20-25 यार्डांपुढे सोडू नका. उघडणारी पाती उघडतानाच ऊर्जा खातात. एवढ्या धनुष्याला ती परवडत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्पाइनचा, म्हणजे शाफ्टच्या (बाणाच्या काडीच्या) ताठपणाचा. 28 इंचांवर दोन टेकू देऊन शाफ्टच्या मधोमध 1.94 पाउंड लटकवले की तो किती वाकतो, तो आकडा म्हणजे स्पाइन: 340 म्हणजे 0.340 इंच. आकडा लहान, शाफ्ट ताठ. आहे त्याच शाफ्टवर 100 ऐवजी 125 ग्रेनचं टोक आणि पितळी इन्सर्ट (टोक बसवायचा तुकडा) चढवला की पुढच्या वजनामुळे शाफ्ट सुटताना जास्त वाकतो, नरम वागतो. सरावाच्या टोकाने हे लपून जातं. ब्रॉडहेडची पाती हवेत पंखांसारखी ओढतात आणि बाण भरकटतो. तिरका शिरलेला जड बाण सरळ शिरलेल्या हलक्यापेक्षा कमी खोल जातो. म्हणून वजन वाढवायचं तर ताठ शाफ्टपासून सुरुवात करा. 28.5 इंची शाफ्ट, इंचाला 10.5 ग्रेन, म्हणजे 299. इन्सर्ट 50, ब्रॉडहेड 125, तीन व्हेन (मागची पिसं) 18, नॉक (दोरीत अडकणारं मागचं टोक) 9: एकूण 501. इंचाला 9 ग्रेनचा शाफ्ट, 15 चा इन्सर्ट आणि 100 चं टोक घेतलं तर 398.

तोल पुढे किती आहे तेही मोजा. बाण बोटावर तोला, नॉकच्या खाचेपासून तोलबिंदूचं अंतर घ्या, त्यातून निम्मी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा. 28.5 इंचांच्या बाणाचा तोल 17.8 वर आला तर साडेबारा टक्के. 10 ते 15 टक्के पुरेत.

नवा बाण बांधला की 20 यार्डांवर आधी सरावाची टोकं, मग ब्रॉडहेड सोडा. ब्रॉडहेड उजवीकडे पडत असतील तर रेस्ट (धनुष्यावरचा बाण टेकवायचा आधार) डावीकडे सरकवा, एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, आणि दोन्ही एका जागी येईपर्यंत थांबू नका. मग सगळ्या पिना नव्याने लावा, कारण जड बाणाला पिनांमधलं अंतर वाढतं. कार्बन शाफ्ट असेल तर प्रत्येक वेळी सोडण्याआधी तो कानाजवळ धरून हलका वाकवा. कुरकुरला तर तो बाण तिथेच मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याचे काटे हातात घुसतात.