पाच जागा फायनलआधीच गेल्या

सिलेक्शन संडेच्या, म्हणजे संघ जाहीर होण्याच्या रविवारच्या रात्री आमच्या डेस्कवर काम एकच असतं. एनसीएए या अमेरिकन कॉलेज-क्रीडा संघटनेच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या ६८ संघांचा आपला अंदाज लॉक करायचा आणि निवड समितीची यादी आली की ताडून बघायचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा, आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. १७ मार्च २०२४ ला मात्र काठावरच्या संघांचा निकाल बराचसा आधीच लागला होता.

हिशेब असा. त्या वर्षी ३२ जागा कॉन्फरन्स (कॉलेज संघांचे गट) विजेत्यांच्या होत्या, ३६ ॲट-लार्ज, म्हणजे समितीच्या हातातल्या. एरवी निवडलाच गेला नसता असा संघ कॉन्फरन्स जिंकला, की काठावरच्या कुणाचा तरी पत्ता कटतो. शनिवारी एनसी स्टेटनं पाच दिवसांतला पाचवा सामना जिंकत नॉर्थ कॅरोलायनाला ८४-७६ हरवलं. ओरेगन आणि न्यू मेक्सिकोही आपापल्या कॉन्फरन्स जिंकले. गेल्या अशा तीन जागा.

उरलेल्या दोन जागांवर नवखी मंडळी हमखास फसतात, कारण ती रविवारच्या फायनलची वाट बघत बसतात. फ्लोरिडा अटलांटिक उपांत्य फेरीत टेंपलकडून ७४-७३ हरली, पण तिची ॲट-लार्ज जागा पक्कीच होती. मग फायनल टेंपल जिंको की यूएबी, जागा गेली ती गेलीच. अटलांटिक १० कॉन्फरन्समध्येही जागा पक्की असलेली डेटन गुरुवारीच ड्युकेनकडून हरली होती. आमच्या अंदाजाच्या शीटवरची कट-ऑफची ओळ रविवार उजाडायच्या आत पाच घरं वर सरकवायला हवी होती.

दुसरी कटकट नेट क्रमांकाची, म्हणजे एनसीएएच्या स्वतःच्या संघ-क्रमवारीची. लोक त्याला निवडीचा क्रम समजतात. समिती तो मुख्यतः प्रतिस्पर्ध्याची पत मोजायला वापरते. सामने अवघडपणानुसार चार क्वाड्रंटमध्ये विभागतात; सगळ्यात अवघड अशा पहिल्या क्वाड्रंटसाठी प्रतिस्पर्धी घरच्या मैदानावर १ ते ३०, तटस्थ ठिकाणी १ ते ५०, त्याच्या घरी १ ते ७५ मध्ये लागतो. म्हणजे नोव्हेंबरात बाहेर जाऊन हरवलेला संघ मार्चमध्ये ७५ वरून ७६ वर घसरला, की तुमचा विजय बसल्या जागी दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये जातो. लास व्हेगासमधल्या न्यू मेक्सिको-सॅन डिएगो स्टेटसारख्या तटस्थ सामन्यात निकालांच्या डेटा फीडमध्ये एक संघ 'होम' म्हणून येतो. तो रकाना हातानं तपासला नाही, तर चाळिसाव्या क्रमांकाच्या संघावरचा विजय उगाच दुसऱ्या क्वाड्रंटमध्ये पडतो. डिव्हिजन वन या सर्वोच्च स्तराबाहेरच्या संघांशी झालेले सामने नेटमध्ये धरतच नाहीत, तेही गाळायचे.

सगळ्यांचे डोळे इंडियाना स्टेटवर होते. २८ विजय, ६ पराभव, नेटमध्ये पहिल्या तिसांत. पण १० मार्चला मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये ड्रेककडून ८४-८० हरलेली. पुढचा आठवडा तिनं फक्त इतरांचे निकाल बघत काढायचा.

यादी आली. इंडियाना स्टेट बाहेर, नेटमध्ये पन्नाशीपलीकडची व्हर्जिनिया आत. मंगळवारी व्हर्जिनिया कोलोराडो स्टेटकडून ६७-४२ हरली तेव्हा समितीवर तोंडसुख घेतलं गेलं. तो पुरावा मला लंगडा वाटतो. समितीनं रविवारपर्यंतचंच बघायचं असतं. पण रविवारपर्यंतचं बघूनही मी इंडियाना स्टेटच घेतली असती. लहान कॉन्फरन्सच्या संघाला पहिल्या क्वाड्रंटचे सामने मिळतातच मोजके, कारण मोठे संघ त्यांच्या घरी खेळायला जात नाहीत.