आमची वाटचाल : कटलरीच्या दुकानातून नवरीच्या खुर्चीपर्यंत

सांगलीच्या गावभागातलं आमचं कटलरीचं दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, स्नो, पावडर. आणि एका कपाटात रंगभूषेचं सामान, कारण १८४३ मध्ये जिथं पहिलं मराठी नाटक झालं त्या गावात शाळेच्या गॅदरिंगपासून हौशी नाटक मंडळींपर्यंत कुणी ना कुणी तोंडाला रंग लावतच असतं. नाटकवाले पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजनं चेहऱ्याला लावायची रंगाची वडी, न्यायचे, आणि लग्नसराईत नवरीसाठीही तोच खपायचा. हा पॅनकेक मुळात १९३० च्या दशकात हॉलिवूडच्या रंगीत सिनेमासाठी तयार झाला. प्रखर दिव्यांखाली तो शोभतो. दोन हातांवर उभ्या असलेल्या मावसबहिणीला मात्र तो थापलेला दिसतोच.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ब्युटीशियनचा कोर्स झालेला होता. दुकानाच्या मागच्या खोलीत एक खुर्ची टाकायची ठरली. मी ती पुढं, दाराशी मागून घेतली. सासरे म्हणाले, "अगं, गिऱ्हाईक उभं कुठं राहणार?" पण फाउंडेशनची, म्हणजे चेहऱ्याला एकसारखा रंग देणाऱ्या थराची, शेड ट्यूबलाइटखाली कळत नाही. मनगटावर लावूनही कळत नाही, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. जबड्याच्या कडेला, गळ्यापर्यंत येतील असे तीन शेडचे तीन पट्टे ओढायचे, उजेडात बघायचं, आणि लगेच ठरवायचं नाही. त्वचेचं तेल आणि हवा लागून बऱ्याच फाउंडेशनचा रंग दहा-पंधरा मिनिटांत गडद होतो. तेवढ्यात चहा होतो. चहानंतर जो पट्टा दिसेनासा झाला, ती आपली शेड.

एवढ्याशा गोष्टीवर आमचं नाव झालं, आणि काही कामं हातची गेलीही. "आमची पोरगी जरा उजळ करा की ओ," हे वाक्य मी प्रत्येक सीझनला ऐकते. सावळ्या त्वचेवर दोन शेड फिकट फाउंडेशन लावलं की ती गोरी होत नाही, राखाडी दिसते. आम्ही ते करत नाही. मावशी रागावतात, दुसरीकडं जातात. जाऊ देत. द्राक्षबागेत काम करणाऱ्या मुलींचा चेहरा उन्हानं रापलेला आणि गळा उजळ असतो. तिथं मधली शेड घेऊन ती गळ्याखाली उतरवत न्यावी लागते. फिकट रंगाची बाटली हे त्याला उत्तर नाही.

त्वचेचा प्रकार ओळखायला आम्ही साधं करतो. चेहरा धुवायचा, काही न लावता अर्धा-पाऊण तास बसायचं. सगळीकडं चमक आली तर तेलकट, ओढल्यासारखं झालं तर कोरडी, फक्त कपाळ-नाक-हनुवटी चमकली तर मिश्र. तेलकट त्वचेच्या मुली मॉइश्चरायझर टाळतात, ते बरोबर नाही. हलकं, जेलसारखं लावावं, त्यावर मॅट, म्हणजे न चमकणाऱ्या फाउंडेशनचा पातळ थर. कोरड्या त्वचेला ओलसर फिनिशचं फाउंडेशन, तेही ओल्या स्पंजनं दाबून. पिंपल्स असतील तर बाटलीवर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलंय का बघावं. वांग असेल तर फाउंडेशनचे थर चढवू नयेत. आधी डागापुरता नारिंगी करेक्टर, म्हणजे डागाचा रंग मारणारी क्रीम, मग नेहमीचाच पातळ थर. आणि प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचा थर, पाण्याच्या बेसचा, फाउंडेशन सिलिकॉनचं, अशी जोडी जमेलच असं नाही. न जमली तर गालावर गोळ्या होतात. दोन्ही आधी हाताच्या पाठीवर एकत्र चोळून बघायचं.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती किती पक्की बसते हे नवरीच्या मेकअपवालीला विचारा! आदल्या दिवशी हळद लागते, सकाळी चेहरा पिवळा. त्या पिवळ्यावर शेड जुळवली तर रिसेप्शनपर्यंत चेहरा एक आणि हात दुसरे. म्हणून शेड हळदीच्या आधी ठरवून वहीत लिहून ठेवतो. हळदीला पिवळा रंग देणारा कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. त्यामुळं साबणानं घासून चेहरा लाल करण्यापेक्षा आधी खोबरेल किंवा क्लिन्झिंग बामनं पुसून मग सौम्य फेसवॉश.

मेकअप जागी बसवणाऱ्या सेटिंग पावडरवर माझं आणि आमच्याकडं काम करणाऱ्या मुलींचं रोज एक भांडण होतं, कारण रील बघून त्यांना प्रत्येकीच्या डोळ्यांखाली बेकिंग करायचं असतं, म्हणजे पावडरचा जाड थर काही मिनिटं ठेवून मग झटकायचा असतो. कोरड्या त्वचेवर जाड पावडर ठेवून दिली की तासाभरात रेघा पडतात. तिथं डोळ्यांखाली आणि नाकाच्या कडेला चिमूटभर पुरते. तेलकट त्वचेला पावडर ब्रशनं फिरवायची नाही, पफनं दाबून बसवायची. पिवळसर बनाना पावडर आपल्याकडच्या गव्हाळ रंगाला बरी जाते. सिलिकाची पांढरी पावडर जास्त झाली, किंवा फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा पांढरा घटक जास्त असला, की फ्लॅशमध्ये चेहरा पांढराफटक येतो आणि आरशात काहीच दिसत नाही. म्हणून नवरी खुर्चीतून उठायच्या आधी मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो घेतोच. होमाचा धूर आणि वैशाखातला घाम यांवर उपाय एकच: आधी टिश्यूनं टिपायचं, मग पावडर. घामावर पावडर मारली तर लगदा होतो. मुंडावळ्या बांधायच्या त्या जागी तर आम्ही दोनदा दाबतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांपर्यंत गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. दुकानातला सगळा माल गेला. सील न फोडलेले डबेही टाकले, कारण पुराच्या पाण्यातून निघालेली वस्तू कुणाच्या चेहऱ्याला लावायची नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या व्यापाऱ्यानं उधारीवर माल दिला म्हणून दिवाळीनंतरची लग्नं करता आली. पुढं कोरोना, २०२१ च्या एप्रिलमध्ये २५ माणसांत, दोन तासांत लग्न उरकायचा नियम होता, त्यात मेकअप कितीसा. त्या वर्षी पुन्हा पूर आला, पण तोवर माल माळ्यावर चढवलेला होता. तेव्हापासून खरेदी कमी आणि वारंवार करतो. शेड मोजक्याच ठेवतो आणि दोन मिसळून तिसरी काढतो. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख मार्करनं झाकणावर लिहितो, आणि बाटलीवरच्या उघड्या डबीच्या चिन्हात १२एम, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने, असं असेल तर वर्षानं ती जाते, अर्धी भरलेली असली तरी.

आज खुर्च्या तीन आहेत. ट्रायलचे पैसे वेगळे घेतो, लग्नाचं काम ठरलं तर वळते करतो. ट्रायलला येताना रोजची क्रीम लावून या, कुठली ॲलर्जी असेल तर सांगा, आणि लग्नातला ब्लाउज सोबत आणा. गळा पुढून-मागून किती खोल आहे हे कळल्याशिवाय फाउंडेशन कुठंवर न्यायचं ते ठरत नाही.