३००० मीटरच्या बाटलीत पांढरा साका

मध्य अरबी समुद्रातला कास्ट, म्हणजे उपकरण केबलवरून खोल सोडून वर ओढण्याची एक फेरी. रोझेटवर, म्हणजे गोल चौकटीवर, १० लिटरच्या १२ निस्किन बाटल्या: दोन्ही टोकांची झाकणं उघडी ठेवून खाली जातात आणि हव्या त्या खोलीवर बंद करून पाणी पकडतात. १ नंबर ३००० मीटरवर बंद केलेली, १२ नंबर सर्वात शेवटी ३०० मीटरवर.

ऑक्सिजनचा नमुना आधी काढतात. नळी काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी दोन-तीनदा ओसंडू द्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कलाइन आयोडाइड प्रत्येकी १ मिली. ३००० मीटरच्या पाण्यात साका, म्हणजे तळाशी बसणारा गाळ, तपकिरी यायला हवा. १ नंबरचा पांढरा आला, म्हणजे ऑक्सिजन जवळपास शून्य. अरबी समुद्रात असं पाणी साधारण १५० ते १००० मीटरच्या पट्ट्यात सापडतं. नमुन्याचं तापमानही २ नंबरपेक्षा सात अंशांनी जास्त भरलं. पुढे क्षारता ३५.६ निघाली, त्या खोलीवर सीटीडी (रोझेटवरचं क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) ३४.७६ दाखवत होतं.

बाटली गळत नव्हती. वरचा व्हेंट (हवेचं छिद्र) बंद ठेवून तोटी उघडली, थेंब पडला नाही. बंद झाल्याचा सिग्नलही वेळेवर आला होता. पण तो फक्त दोरी धरणारा हूक सुटल्याचं सांगतो, झाकण बसल्याचं नाही.

उत्तर १२ नंबरमध्ये होतं: तोच पांढरा साका, तीच क्षारता. गोलात १ आणि १२ शेजारी येतात. १ च्या खालच्या झाकणाची दोरी १२ च्या झाकणात अडकली होती. ३००० मीटरवर वरचं झाकण बसलं, खालचं उघडं राहिलं. वर येताना बाहेरचं पाणी उबदार आणि हलकं होत जातं, त्यामुळे आतलं थंड, जड पाणी खालून निसटत राहिलं आणि बाहेरचं आत शिरत राहिलं. ३०० मीटरवर १२ नंबर बंद होताना दोरी सुटली आणि झाकण घट्ट बसलं. वरचं झाकण उघडं राहून खालचं बसलं असतं, तर जड पाणी बरंचसं आतच टिकलं असतं आणि चूक ओळखणं फार अवघड गेलं असतं.

१ नंबरचे सगळे नमुने, पोषकद्रव्यांचेसुद्धा, 'नीट बंद झाली नाही' या ४ क्रमांकाच्या खुणेखाली गेले. खोली बदलून ३०० लिहिण्याची सूचना आली, ती मी मानली नाही; जुनं पाणी किती उरलं होतं हे कोण सांगणार?

पुढच्या कास्टपासून बाटल्या ताणून, म्हणजे झाकणं दोऱ्यांनी उघडी अडकवून, झाल्या की प्रत्येक दोरीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवायचं, आणि १ व १२ मधली फट सर्वात शेवटी पुन्हा बघायची.