नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कारही गुन्हा ठरवा, असं मी म्हणते. त्यावर तुम्ही विचारलंत म्हणून: कायदे आहेत ना, मग आणखी काय हवंय?

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, कोर्टाच्या बाररूममध्येसुद्धा हाच प्रश्न. सासरच्या छळाचं कलम 498-अ होतं, 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आता जुन्या दंड संहितेच्या जागी न्याय संहिताही आली. मग नवरा-बायकोच्या खोलीत कायदा कशाला शिरवता? आणि लगेच पुढचं वाक्य: खोट्या केसेसचं काय? एकदाच सगळं सांगते.

खोट्या केसेस असतात. वाढवून लिहिलेल्या तक्रारी मी वाचल्यात आणि 'हे खोडा' असं तोंडावर सांगितलंय. पण चोरीच्या खोट्या फिर्यादी होतात म्हणून चोरीचं कलमच काढून टाका, असं कुणी म्हणत नाही. आणि मला टोचतं ते हे नाहीच. मला टोचतं ते मी लिहू न दिलेलं खरं.

सात-आठ वर्षं झाली. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांच्या ऑफिसात एका बाईचा हिंसाचाराचा अहवाल भरायला मदत करत होते. तिला लिहिता येत होतं, पण हात थरथरत होता म्हणून पेन माझ्याकडे. मारहाण, शिवीगाळ, पगार काढून घेणं; एकेका रकान्यात खूण होत गेली. मग लैंगिक हिंसेचा रकाना आला: जबरदस्तीने शरीरसंबंध. मांडीवर झोपलेल्या पोराच्या कानावर तिने पदर ओढला आणि म्हणाली, "ताई, हे तर रोजचंच. ह्याला शिक्षा किती?"

मी खरं ते सांगितलं. बलात्कार म्हणून काहीच नाही, फार तर छळात धरतील.

"मग हे कागदावर आहे कशाला?"

बाहेर बायका ताटकळत होत्या. मी म्हणाले, "राहू दे. समोरचा वकील ह्याच्यावरूनच नको नको ते विचारील. मारहाण पुरेशी आहे." तिने मान हलवली. रकाना कोरा राहिला. पुढे तिला राहण्याच्या हक्काचा आदेश मिळाला. त्याच घरात. आपण जिंकलो, असं मी सगळ्यांना सांगत होते.

दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीने 2013मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की बलात्काराच्या व्याख्येतून नवऱ्याला दिलेली सूट काढा. मी तेव्हा 'फाशी द्या'चा फलक धरून मोर्च्यात होते. समितीने फाशी नको म्हटलं म्हणून चिडले होते आणि ती सूट काढण्याबद्दलचा भाग वाचलाही नव्हता. संसदेने ती सूट ठेवली तेव्हा, जेवढं मिळालं तेवढं घ्या, उरलेलं पुढे बघू, असंही मीच म्हणत होते. ती सूट आज न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. बायको अठराच्या आतली असेल किंवा वेगळी राहत असेल तर गुन्हा. एका छपराखाली राहत असेल तर नाही.

आपल्याच महाराष्ट्रातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972मध्ये घडलेलं मथुरा प्रकरण आठवा. मथुरा ह्या आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर बलात्काराचा आरोप केला होता. अंगावर जखमा नाहीत म्हणून 1978मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लतिका सरकार ह्या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983मध्ये कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने आधी तिचं खरं धरायचं. बंद दाराआड गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, एवढं कायद्याला तेव्हाच कळलं होतं. मग घराचं दार आतून लागलं की ते कसं विसरतो?

पुरावा कसा आणायचा, ह्याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. नवरा तुरुंगात गेला तर पोरांना कोण पोसणार, असं विचारणाऱ्या बाईलाही नाही. नुसत्या कडक शिक्षेवरचा माझा विश्वास उडालाय. तरी सूट जायलाच हवी, ह्यावर मी ठाम आहे. पण उद्या कुणी त्या रकान्यापाशी थांबली तर तिला 'लिही' म्हणायचं का, हे अजून ठरत नाही. उलटतपासणी तिला सोसायची आहे, मला नाही.