माण-खटावचं शेवाळ: कधी जावं, कुठं बघावं

साताऱ्याच्या पूर्वेकडच्या माण-खटाव तालुक्यांत गोड्या पाण्यातली हिरवी शैवालं बघायला जायचं असेल तर नोव्हेंबर गाठा. पावसाळ्यात नको, उन्हाळ्यात तर नकोच. सातारा एकच जिल्हा, पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडच्या बाजूला कसाबसा पाचशे. त्यातलाही बराचसा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवरचा. हा पाऊस ओढ्यांतून माती घेऊन तलावात उतरतो आणि पाणी चहाच्या रंगाचं होतं. गाळ खाली बसून ऊन तळापर्यंत पोचायला दिवाळी उजाडते. तळाशी वाढणारी शैवालं तेव्हाच दिसू लागतात.

साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड हा पंढरपूरचा रस्ता धरला. एसटी या रस्त्यावर मिळतात, पण स्वतःचं वाहन असलेलं बरं, कारण बघण्यासारखं पाणी हमरस्त्यावर क्वचितच भेटतं. मोठ्या तलावांवर मी फार वेळ काढला नाही. वाटेतल्या एका तलावाच्या काठाला हिरव्या तैलरंगाचा डबा कलंडल्यासारखी साय आली होती. ती बघून 'केवढं हे शेवाळ' म्हणून खूश होऊ नका. काडी बुडवून बघा. काडीला धागे लोंबले तर हिरवं शैवाल. काडी नुसती रंगून वर आली, तर बहुतेक ते निळं-हिरवं, म्हणजे जिवाणूंच्या गोतातलं, आणि त्यातली काही विषारी असतात. त्या पाण्यात हात घालू नये, बरोबर कुत्रं असेल तर त्यालाही पिऊ देऊ नये.

खरा माल सापडला तो गोंदवल्याच्या पुढे, आडबाजूच्या एका पाझर तलावात. १९७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून जी कामं उभी केली, त्यातलंच हे एक. बांधावर बाभळी, पाण्यात चार-दोन वारकरी (पक्षी, पंढरीचे नव्हेत) आणि सांडव्याच्या बाजूला गुडघाभर स्वच्छ पाणी. तळ सगळा करड्या-हिरव्या झुडपांनी भरलेला. ही कारा. दिसायला वनस्पती, पण मूळ नाही, खोड नाही, पान नाही, फूल नाही. एक फांदी उपटून बोटांत चुरली तर करकर वाजते, कारण अंगावर चुन्याचं पूट असतं. माणदेशातली जमीन चुनखडीची, पाणी जड. प्रकाशसंश्लेषणासाठी कारा पाण्यातलं बायकार्बोनेट ओढून घेते आणि चुना अंगावर साचत जातो. लिंबाचा थेंब टाका, बारीक फेस येतो. वासही घ्या: कुजक्या लसणाचा. तो हातावरून लवकर जात नाही, म्हणून जेवणाआधी साबण हवाच.

दहापट भिंग असेल तर इथं निवांत बसा. प्रत्येक सांध्याला आखूड फांद्यांचं वर्तुळ, त्या फांद्यांवर शेंदरी गोळे आणि प्रत्येक गोळ्याच्या वर एक लांबट फळासारखं अंग, त्याला पीळ दिल्यासारख्या रेघा. शेंदरी तो नर, पिळाची ती मादी. मादी वर आणि नर खाली दिसला तर कारा. तिची बहीण नायटेला, तिच्यात हे उलटं असतं, शिवाय फांद्यांना टोकाशी दुबेळकं फुटतं आणि अंगावर चुना जवळजवळ नसतो, त्यामुळे ती काचेसारखी हिरवी दिसते. मला ती त्याच तलावात मिळाली, पण ओढा येऊन मिळतो त्या सावलीच्या कोपऱ्यात. नायटेलाचं पेर, म्हणजे दोन सांध्यांमधला भाग, ही अख्खी एकच पेशी, कधी काही सेंटिमीटर लांब. फोल्डस्कोप या घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तरी आतलं जीवद्रव्य एका बाजूनं वर आणि दुसऱ्या बाजूनं खाली वाहताना दिसतं. पेशीतली ही हालचाल बोनाव्हेंतुरा कोर्ती या इटालियन अभ्यासकानं १७७४मध्ये अशाच शैवालांत पहिल्यांदा टिपली होती. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, हे बघाच.

मी पाण्यात वाकलेलो बघून मोटर चालू करायला आलेले एक आबा बांधावर थांबले. "काय घावतंय का?" शेवाळ बघतोय म्हटल्यावर म्हणाले, "मग न्या की समदं. फुटवाल तुंबतोय रोज." फुटवाल म्हणजे मोटरच्या पाइपाच्या पाण्यातल्या तोंडाची झडप. त्यांची तक्रार खरी आहे. काराच्या झुपक्यानं नव्हे, पण पाण्यावर तरंगणाऱ्या क्लॅडोफोराच्या दोरांनी फुटवाल नक्की तुंबतो. हे दोर हाताला खरखरीत लागतात. शेजारीच स्पायरोगायराचा गोळा असेल तर तो बुळबुळीत, बोटांतून निसटणारा. हायड्रोडिक्टियनची जाळी नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते, पाच-सहा कोनांची घरं एकमेकांना जोडलेली असतात. सूक्ष्मदर्शक नसला तरी स्पर्शावरून एवढी वाटणी काठावरच करता येते. प्रजातीपर्यंत जायचं असेल तर मात्र स्पायरोगायराचे दोन धागे एकमेकांना जोडून मधे बीजाणू धरलेले पाहिजेत. नुसत्या हिरव्या धाग्यावरून प्रजातीचं नाव ठोकून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

डेस्मिड बघायच्या आशेनं येणाऱ्यांची इथं निराशा होईल. दोन सारख्या अर्ध्या भागांच्या या नक्षीदार एकपेशी शैवालांना मऊ, किंचित आम्लधर्मी, खतपाणी न लागलेलं पाणी आवडतं. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे कातळपठारांवर, ती भरभरून मिळतात. इथल्या जड पाण्यात कॉस्मेरियम, क्लोस्टेरियम अशी सोसणारी थोडीच. शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर खडकात पाणी साचणारे खळगे आहेत, ते मात्र चुकवू नका. खळगा आटत आला की तळाला विटकरी-लाल थर दिसतो. तो गंज नव्हे. हिमॅटोकॉकस नावाचं हे हिरवंच शैवाल आहे. पाणी संपत आलं की ते शेपट्या टाकून जाड भिंतीत बसतं आणि उन्हापासून वाचायला लाल रंगद्रव्य भरून घेतं. पुढच्या पावसात ते पुन्हा हिरवं होऊन पोहायला लागतं.

कोरड्या मुलखातलं शैवाल असं वर्षातले बरेच महिने पाण्यात नसतंच, मातीत असतं. भारतीय शैवालशास्त्राचे जनक एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२मध्ये फ्रिट्शिएला हे शैवाल जगापुढे आणलं, तेही आटत चाललेल्या डबक्यांच्या ओल्या गाळातलं. त्याचे जमिनीखालचे कंदासारखे भाग कोरड काढतात. काराची पिळाची बीजंही तशीच, गाळाच्या वरच्या थरात कित्येक वर्षं पडून राहतात. ती बदकांच्या पोटातून या तलावातून त्या तलावात जातात. वारकरी आणि मोठी लालसरी कारा आवडीनं खातात, तेव्हा पक्षी बघायला येणाऱ्यांनी थोडं पक्ष्याच्या खालीही बघावं.

म्हणूनच मला इथली खरी भीती आटण्याची वाटत नाही. हे शैवाल आटण्याला सरावलेलं आहे. भीती वाटते ती वरचा थर जाण्याची. २०१७पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत उन्हाळ्यात तलावांचा गाळ काढून शेतात टाकला जातो. गाळ काढू नका असं म्हणणं माणदेशात शोभणार नाही, मीही म्हणत नाही. पण जेसीबी अख्खा तळ मुरमापर्यंत खरवडतो, तेव्हा बीजांची सगळी पेढी ट्रॉलीत जाते. सांडव्याच्या आणि ओढ्याच्या तोंडाशी एकेक पट्टा सोडला तरी पुरे, तिथून कारा पुन्हा पसरते. दुसरं, मोरचूद (कॉपर सल्फेट). शेततळ्यात शेवाळ झालं की मोरचूद टाकायची पद्धत आहे. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात ते निदान तिथंच राहतं, मातीच्या तळ्यात आणि ओढ्यात टाकलं की काराबरोबर पाण्यातले बारीक जीवही जातात. तिसरं, गाळपेर. पाणी ओसरेल तसं तळात पीक घेतात. नांगरटीनं फारसं बिघडत नसावं, खत आणि तणनाशकानं बिघडतं. उरमोडी-टेंभू या सिंचन योजनांचं पाणी आल्यानं काही तलाव आता आटतच नाहीत. माणसांसाठी ती आनंदाचीच गोष्ट, पण बारमाही पाण्यात मासे वाढतात, पाणी गढूळ राहतं आणि कारा मागे हटते.

कायद्याचा आधार तोकडा आहे. २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली तळी वगळलेली आहेत, आणि इथं तर बहुतेक पाणी सिंचनाचंच. खटावातल्या मायणीचा परिसर २०२१मध्ये पक्षी संवर्धन राखीव झाला आहे, तिथं मात्र वनविभागाला विचारल्याशिवाय काठीही बुडवू नका. बाकी गावांत ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर. लोक जैवविविधता नोंदवहीत सहसा झाडं, औषधी वनस्पती, पक्षी असतात. शेवाळ लिहून घ्यायला सांगा. ग्रामसेवक आधी हसतील, पण फोटो आणि तलावाचं नाव दिलं तर लिहून घेतात.

सामानात रुंद तोंडाच्या लहान बाटल्या, झिपच्या पिशव्या, पेन्सिल (शाईचं लेबल पाण्यात पुसतं), भिंग आणि ओला पंचा ठेवा. बाटली अर्धीच भरा, वर हवा राहू दे. काठोकाठ भरलेल्या बाटलीतलं स्पायरोगायरा गाडीच्या डिकीत संध्याकाळपर्यंत सडतं. कारा टिकवायला फॉर्मॅलिनची गरज नाही. पसरट ताटात पाणी घेऊन फांदी तरंगवायची, खालून जाड कागद सरकवायचा, तसाच उचलायचा आणि टिपकागदात दाबायचा. जाडजूड झुपके उपटू नका, गोळे धरलेली वीतभर फांदी अभ्यासाला पुरते. तलावाचं नाव, तारीख आणि पाणी किती खोल होतं एवढं लिहिलेलं नसेल तर नमुना फेकून दिलात तरी चालेल.

उन्हाळ्यातच जाणं होणार असेल तर कोरड्या तळातून मूठभर पापुद्र्याची माती आणा. काचेच्या बरणीत दोन बोटं माती, वर पावसाचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घालून उजेडाच्या खिडकीत ठेवा. काही आठवड्यांत बारीक हिरवे कोंब दिसायला लागतात, नाही दिसले तर दुसऱ्या तलावाची माती लावून बघा. एका तलावातून दुसऱ्यात उतरण्याआधी बूट आणि जाळी धुऊन वाळवा, नाहीतर जलपर्णीचा तुकडा तुमच्याच बुटाला चिकटून पुढच्या गावी पोचेल.