पावती हातात ठेव

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मावशीने पुण्याहून फोनवर विचारलं, कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर विचारणा झाली, आणि गेल्या दिवाळीत इथे अटलांटात मंडळाच्या फराळाला एका काकांनीही विचारलं: "तू त्या ब्लॅक बायकांच्या खरेदीचा अभ्यास करतेस, म्हणजे नेमकं काय? दूध, डायपर, शाम्पू सगळ्याच आया आणतात. त्यात वेगळं काय असणार?"

त्या गर्दीत उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. आता सांगते.

आपला माल कोण घेतं, का घेतं, कुठे अडतं, हे कंपन्यांना समजून हवं असतं. त्यासाठी मी आयांच्या घरी जाते, त्यांच्या स्वयंपाकघरात बसते, त्यांच्याबरोबर दुकानात फिरते. दहा वर्षं झाली. माझ्या वाट्याला बहुतेक ब्लॅक आया आल्या. मी ब्लॅकच म्हणते, कारण त्या स्वतःला तेच म्हणवतात. 'कृष्णवर्णीय' हा शब्द छापायला ठीक, पण कुणाच्या घरी चहा पिताना तो तोंडी येत नाही.

पहिल्याच वर्षी एका शिक्षिकेबरोबर गेले होते. कॅस्केड रोडच्या बाजूला राहणारी, दोन मुलगे, एक अकरा वर्षांचा आणि एक चौदाचा. थंडीचे दिवस, मुलांना बूट घ्यायचे होते. दुकानापाशी गाडी लावली, पण ती उतरली नाही. मागे वळली आणि म्हणाली, "टोपी?" दोघांनी हुडीच्या टोप्या डोक्यावरून मागे टाकल्या. "हात?" "खिशात नाही." "वस्तू?" "घ्यायची असेल तरच उचलायची." "पावती?" "हातात. गाडीत बसेपर्यंत." पाढे म्हणावेत तसं. मग दारं उघडली.

आत गेल्यावर दुकानाचा एक माणूस आमच्या दोन रांगा मागे फिरत राहिला. मुलांनी पाहिलं, तिने पाहिलं, कुणी काही बोललं नाही. पैसे देताना लहान्याने मोज्यांचा एक जोड वेगळा घेतला होता, त्याच्या साठवलेल्या पैशांतून. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, पिशवी हवी का? एक मोज्यांचा जोड, आपण नको म्हणालो असतो. आईने पिशवी घेतली, पावती त्याच्या बोटांत दिली आणि त्याची मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

माझ्या कागदावर त्या दिवशीचे रकाने होते: किंमत, ब्रँड, टिकाऊपणा, मुलांचा आग्रह. गाडीत बसून मी ते भरत होते, आणि जे मला दिसलं होतं त्याला कुठेच जागा नव्हती. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथून सुरू होतं. इथल्या ब्लॅक आईची खरेदी ही मुलाची राखण असते. वस्तू निवडताना ती जे जे मनात मोजते, त्यात हा धोका पहिला येतो आणि पैसा मागाहून.

तिला हे उगाच सुचलेलं नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनफर्डमध्ये सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून स्किटल्सचं पाकीट आणि थंड पेयाचा कॅन घेऊन परत निघाला होता. अंगात हुडी होती. वस्तीवर नजर ठेवणाऱ्या एका माणसाला तो संशयित वाटला, आणि त्या माणसाच्या बंदुकीने मुलगा गेला. पुढच्या वर्षी तो माणूस निर्दोष सुटला. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंडच्या एका बागेत बारा वर्षांचा टमीर राइस खेळण्यातलं पिस्तूल घेऊन खेळत होता. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि काही क्षणांत त्याला गोळी घातली. खेळण्यांच्या दुकानात पाण्याच्या पिचकाऱ्या आणि खोट्या बंदुकांची रांग लागली की माझ्याबरोबरच्या किती तरी आया ढकलगाडी न थांबवता पुढे नेतात. कंपनीच्या तक्त्यात त्याची नोंद 'या गटात या खेळण्याला मागणी कमी' अशी होते. आकडा बरोबर असतो, पण त्यातून काहीच कळत नाही.

आता केसांविषयी. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

आपल्याकडे रविवारी शिकेकाईचं न्हाणं असायचं, तसा यांच्याकडे 'वॉश डे' असतो. आणि तो खरोखर दिवसभर चालतो. आई सोफ्यावर, मुलगी खाली तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. आधी केसांचे चार भाग, प्रत्येकाला चाप. धुणं, मग दाट कंडिशनर लावून डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी. मग रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, टोकाकडून मुळाकडे, कधीही उलट नाही. केस ओले असतानाच क्रीम, वर तेल. मग शेपटीच्या कंगव्याने भांग पाडून वेण्या, आणि टोकाला मणी. मुलगी मध्येच कण्हते. जिचं डोकं लवकर दुखतं तिला 'टेंडर-हेडेड' म्हणतात, आणि आईचा हात तिच्यासाठी आपोआप हळू होतो. टीव्हीवर सिनेमा चालू असतो, तो संपतो, दुसरा सुरू होतो. रात्री सॅटिनची टोपी घालून झोपायचं, म्हणजे केस उशीला घासून तुटत नाहीत. मी अशी तीन-तीन तास बसले आहे. आई-मुलीचं जे बोलणं त्या वेळात होतं, ते एरवी होत नाही. शाळेत कोण काय म्हणालं, ते तेव्हाच बाहेर येतं.

हे ज्याने पाहिलं नाही, त्याला एका घरात सात बाटल्या का लागतात ते कळणार नाही. आणि बाटली उलटी करून आई मागची बारीक अक्षरं का वाचते, तेही नाही. केस सरळ करणारी रसायनं तिच्या आईने वापरली, आजीने वापरली, कारण नोकरीत आणि शाळेत सरळ केसच 'नीटनेटके' मानले जायचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी सांगितलं की ही रसायनं वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं. वापरणाऱ्यांत सुमारे साठ टक्के ब्लॅक बायका होत्या. वेण्या किंवा जटा आहेत म्हणून कुणाला नोकरी वा शाळा नाकारता येणार नाही, असा कायदा सगळ्यांत आधी कॅलिफोर्नियाने केला, तोही २०१९ मध्ये.

आणि हे सगळं विकत घ्यायला गेलं की? किती तरी दुकानांत ब्लॅक केसांची उत्पादनं काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली असायची. शेजारचे बाकीचे शाम्पू उघड्यावर. दहा डॉलरच्या डबीसाठी बेल वाजवायची, किल्लीवाल्याची वाट बघायची, आणि मुलगी विचारणार, "आपलंच का बंद आहे?" मे २०२० मध्ये पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाची हत्या झाली, देश रस्त्यावर आला, तेव्हा कुठे काही मोठ्या साखळी दुकानांनी ही कुलपं काढायचं जाहीर केलं. मला त्या आईचा चेहरा आठवतो जिला मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. ती म्हणाली, "कारण आपलं मौल्यवान आहे." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

बाळ व्हायच्या आधीची यादी तर मी अजून विसरू शकत नाही. इथे गरोदर बाई दुकानात यादी नोंदवते, नातेवाईक त्यातून भेटी देतात. पाळणा, बाबागाडी, झबली. एका तिशीतल्या वकील बाईच्या यादीत पहिली वस्तू होती घरी रक्तदाब मोजायचं यंत्र. दुसरी, दुलाची फी. दुला म्हणजे बाळंतपणात सोबत राहणारी, बाईच्या वतीने डॉक्टरांशी बोलणारी बाई. मी कारण विचारलं. तिने एक नाव घेतलं: शॅलन आयर्व्हिंग. सीडीसी ही देशाची रोगनियंत्रण संस्था, तिचं मुख्यालय आमच्या अटलांटात. डॉ. आयर्व्हिंग तिथे साथरोगतज्ज्ञ होत्या, आरोग्यातली विषमता हाच त्यांचा विषय. जानेवारी २०१७ मध्ये, बाळंतपणानंतर काही आठवड्यांत, वाढलेल्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीने त्या गेल्या. वय ३६. शिक्षण, पगार, विमा, ओळखी, सगळं असून. त्याच सीडीसीच्या २०२३ च्या आकड्यांनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ ब्लॅक माता दगावल्या, गोऱ्या १४.५. ती वकील बाई म्हणाली, "माझं दुखणं मी सांगितलं तर कुणी मान हलवेल. यंत्राने सांगितलं तर ऐकतील." ती यादी म्हणजे तिचा बचाव होता.

प्रश्नावलीतला एक ठरलेला प्रश्न: घरात खरेदीचं कोण ठरवतं, आई, वडील की दोघं? बायका हसतात आणि विचारतात, "माझ्या आईला कुठे लिहू?" मी एका आईबरोबर गाडीतली बाळाची सीट घ्यायला गेले. तिने फोनवर आजीला सीट फिरवून फिरवून दाखवली, पैसे गॉडमदरने पाठवले, आणि घरी येऊन ती बसवली तिच्या 'प्ले कझिन'ने. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो ना, अगदी तसाच. रक्ताचा नाही, पण मध्यरात्री धावून येणारा. आणि बाप कुठे, असं तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात. १९६५ च्या एका सरकारी अहवालाने ब्लॅक कुटुंबाची सगळी दुःखं बाईच्या हाती असलेल्या घरावर ढकलली, आणि तेव्हापासून हे चित्र डोक्यात बसलं आहे. लग्न न झालेली आई म्हणजे एकटी आई नव्हे. सीडीसीनेच २०१३ मध्ये नोंदवलं की मुलांबरोबर राहणारे ब्लॅक बाप मुलांना अंघोळ घालणं, जेवू घालणं, अभ्यास घेणं हे गोऱ्या बापांइतकंच करतात, काही बाबतींत जास्त. मी ज्या घरांत गेले तिथे गृहपाठाच्या वह्या उघडून बसलेले बाप मी पाहिलेत.

राहिला तो प्रश्न, जो कुणी सरळ विचारत नाही, पण बोलण्यात येतो: "ते लोक ब्रँडवर फार उधळतात ना?"

२०२२ साली फेडरल रिझर्व्ह या इथल्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत, संपत्तीच्या क्रमात अगदी मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर होती, ब्लॅक कुटुंबाची ४४,९००. ती आई हे जाणून असते. तरी ती ईस्टरला मुलाला नवा सूट घेते, कारण त्या दिवशी तो चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभा राहून पाठ केलेल्या चार ओळी म्हणणार असतो. शाळेत तो मळक्या शर्टात गेला तर त्याच्याकडे, त्याच्या आईकडे आणि सगळ्या समाजाकडे कसं बघतील, हे तिला ठाऊक आहे.

मला हे समजायला पुस्तक लागलं नाही. माझ्या आजीचं माहेर सातारा जिल्ह्यातलं. वाण्याच्या दुकानाची पायरी आपल्या वस्तीतल्या माणसाने चढायची नाही. पैसे खाली ठेवायचे, तो वर पाणी शिंपडून उचलायचा आणि मीठ-मिरची उंचावरून पदरात टाकायचा. पुढे वरळीच्या चाळीत राहायला आल्यावर आजीने पहिली नवी वस्तू घेतली ती आईसाठी शाळेचा पांढरा फ्रॉक. तांब्यात निखारे घालून रोज रात्री त्याला इस्त्री करायची. घरात तेल संपलेलं असायचं, फ्रॉकला सुरकुती नसायची. शेजारी म्हणायचे, भलता थाट. जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना, आणि बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस या ब्लॅक विचारवंतांना पत्र लिहिलं. त्या धाग्याचं एक टोक माझ्या आजीच्या तांब्यापाशी होतं, हे मला कॅस्केड रोडवर कळलं.

या आया नुसत्या सोसत आल्या असंही नाही. १९३० मध्ये डेट्रॉइटमध्ये फॅनी पेक या पाद्र्यांच्या पत्नीने पन्नास बायका गोळा केल्या आणि गृहिणींचा संघ काढला: पैसा आपल्या लोकांच्या दुकानात, आणि जिथे आपल्या मुलांना नोकरी मिळते तिथेच. बसमध्ये ब्लॅक माणसांना वेगळं बसवत, म्हणून डिसेंबर १९५५ पासून अलाबामातल्या मंटगमेरीच्या बसवर ३८१ दिवस बहिष्कार चालला. तेव्हा जॉर्जिया गिलमोर या सहा मुलांच्या आईने घरात केक, 'पाय' नावाचा गोड पदार्थ आणि तळलेले मासे करून विकले, इतर बायकांनाही हाताशी धरलं, आणि ते पैसे बसऐवजी धावणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी दिले. तिची नोकरी गेली तरी तिने चूल बंद केली नाही. ग्राहक म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं की मी हे आधी सांगते.

ती शिक्षिका अजून भेटते. मागच्या महिन्यात जेवायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात चमचे शोधताना मी चुकीचा खण उघडला. तो पावत्यांनी भरला होता, दहा वर्षांच्या. बऱ्याच पावत्यांवरची शाई उडून कागद कोरा झाला होता. ती म्हणाली, "टाकवत नाहीत." मॅक् अँड चीजला दूध कमी पडलं म्हणून धाकटा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता. तो आता एकवीस वर्षांचा आहे, आईपेक्षा हातभर उंच. ती बोलत होती, पण नजर खिडकीबाहेर. मग तो रस्त्याच्या वळणावर दिसला. टोपी मागे, एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात तो पांढरा कागद.